टोपलीत उकळणारं पाणी

पुढे या, मागे फॅनचा आवाज फार आहे. कार्डावर विषय छापलाय 'योकुट्स : एका तळ्याची संस्कृती', म्हणजे कॅलिफोर्नियातले मूळ रहिवासी. तळ्यावर येतोच, पण आधी त्या नावातल्या शेवटच्या 'स'बद्दल बोलू द्या. गोऱ्यांना वाटलं स म्हणजे अनेकवचन, म्हणून एकट्या माणसाचा त्यांनी योकुट करून टाकला. अहो, मूळ शब्दाचा अर्थच 'लोक', स त्यातलाच! आता त्यांच्यातलेही काही जण योकुटच लिहितात, म्हणजे माझ्या भांडणात काही दम राहिला नाही, तरी खोड जात नाही.

तर कॅलिफोर्नियातलं सॅन वॉकीन खोरं. चाळीस-पन्नास छोट्या टोळ्या, दर टोळीची बोली वेगळी, आणि मुख्य अन्न म्हणजे ओकची फळं, एकॉर्न. मुलाकडे फ्रेस्नोला होतो तेव्हा दोन पिशव्या गोळा केल्या, सूनबाई म्हणाली बाबा खारींना तरी ठेवा. फोडले तर निम्म्यात अळ्या. उरलेले मिक्सरला लावून चिमूटभर जिभेवर ठेवलं, हिरडा चावल्यासारखं तोंड आवळलं! सगळं टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य. योकुट्स बायका वाळूत उथळ खळगा करून त्यात पीठ पसरायच्या, वरून पाणी ओतत राहायच्या, कडूपणा खाली वाळूत जिरायचा. मी पंच्यात बांधून दोन दिवस नळाखाली धरलं, आणि मुलगा पाण्याच्या बिलावरून जे बोलला ते इथे नको.

शिजवणं तर अजून भारी. टोपली इतकी घट्ट विणलेली की पाणी गळत नाही, त्यात पीठ, पाणी आणि विस्तवातले लालभडक दगड, आणि सतत ढवळायचं नाहीतर बूड जळतं. पेज रटरटायला लागते! मी टोपलीऐवजी पातेलं घेतलं, नदीतला गोटा निखाऱ्यावर ठेवला आणि फटाक्! ओला दगड फुटतो हो, तिथल्या दहा वर्षांच्या पोरीलाही माहीत असणार. टोपलीवर रॅटलस्नेकच्या पाठीसारखी शंकरपाळ्यांची नक्षी, अरुंद गळ्याच्या टोपलीला क्वेल पक्ष्याच्या तुऱ्याची पिसं...

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. बरं, तळं. तुलारे, हे नावच तिथल्या लव्हाळ्यांवरून पडलं. त्याच लव्हाळ्याची होडी, चटई, घर, काठावर तर अनेक कुटुंबं मावतील अशी लांबच लांब घरं. बऱ्याच टोळ्यांत समाजाचे दोन भाग, बापाकडून आलेला कुळाचा प्राणी, लग्न शक्यतो दुसऱ्या भागात, हा खरं तर तासाभराचा विषय. मग १८३३ ची मलेरियाची साथ, गावंच्या गावं गेली. नंतर सोन्यासाठी आलेली गर्दी, १८५१ पासून कॅलिफोर्नियातल्या टोळ्यांशी केलेले १८ करार, ते अमेरिकेच्या सिनेटने १८५२ मध्ये फेटाळले आणि कागद १९०५ पर्यंत कुलूपबंद! नद्या कालव्यांत वळवल्या, तळं आटलं, तळावर कापूस. २०२३ मध्ये इतका पाऊस-बर्फ झाला की तळं परत भरलं, ताची ही योकुट्सचीच एक टोळी, ते लोक त्याला पाआशी म्हणतात, ते काठावर जाऊन प्रार्थना करून आले.

हो हो, थांबतो. अक्रोडाच्या अर्ध्या कवचात डांबर भरून, शिंपल्याचे तुकडे बसवून त्यांच्या बायका फासे करायच्या, तसे आठ करून आणलेत, चहाच्या वेळी दाखवतो.