कढईच्या खाडीत

मागचे लाइट बंद करा जरा, स्लाइड दिसत नाहीये. हं, आता ठीक. तर हे ग्रिटविकेन, देवमासे मारून कापायचं जुनं स्टेशन, अंटार्क्टिकाच्या वाटेवर साउथ जॉर्जिया नावाचं बेट आहे तिथलं. नावाचा अर्थ कढईची खाडी, कारण सील मारणारे लोक चरबी वितळवायच्या कढया तिथेच टाकून गेले होते. म्हणजे देवमाशांच्या शिकारीआधीच तिथे एक धंदा येऊन बुडालाही होता.

1904 मधे कार्ल अँटन लार्सन हा नॉर्वेचा कॅप्टन आला, पैसा अर्जेंटिनाचा, माणसं नॉर्वेची. सुरुवातीला लांब जायचीही गरज नव्हती, हंपबॅक जातीचे देवमासे खाडीतच सापडायचे.

ही मोकळी जागा बघा. वाफेच्या विंचने, म्हणजे दोर गुंडाळून ओढणाऱ्या यंत्राने, देवमासा इथे वर ओढायचे, मग बुटाला खिळे लावलेली माणसं त्याच्या अंगावर चढणार, हातात लांब दांड्याचं हॉकीस्टिकसारखं पातं, त्याने चरबीला उभे चिरे द्यायचे आणि विंच लावला की केळं सोलावं तशी साल निघून यायची. इथे आणलेला एक निळा देवमासा 33.58 मीटर भरला, एसटीच्या तीन गाड्या एकामागे एक लावा, साधारण तेवढा. तेल कशाला तर साबणाला, मार्गरीनला, आणि पहिल्या महायुद्धात त्यातल्या ग्लिसरीनपासून स्फोटकं. 1904 ते 1965 या काळात या एका बेटावर 1,75,250 देवमासे कापले गेले.

आता लोकांना वाटतं कायदा आला आणि हे बंद पडलं. छे! 1925 पासून मागून उतार असलेली जहाजं आली, देवमासा थेट आत ओढायचा, अख्खी फॅक्टरीच समुद्रात, मग किनारा हवाय कोणाला. 1946 मधे आंतरराष्ट्रीय करार झाला खरा, पण किती मारायचे त्या कोट्याचा हिशोब कसा, तर एक निळा म्हणजे दोन फिन, म्हणजे अडीच हंपबॅक, म्हणजे सहा सेई, या सगळ्या देवमाशांच्याच जाती. अडीच! जनावर नाही, तेलाचा डबा मोजत होते हे लोक, आणि असा हिशोब असल्यावर शिकारी आधी सगळ्यात मोठ्यावरच नेम धरणार ना. साठच्या दशकात साउथ जॉर्जियाची स्टेशनं एकेक करून बंद झाली ती मारायला काही उरलं नाही म्हणून. व्यापारी शिकारीवर बंदी 1982 मधे ठरली, लागू झाली 1986 मधे, म्हणजे इथल्या टाक्या गंजून वीस वर्षं झाल्यावर.

ही शेवटची स्लाइड, पेट्रेल, 1928 ची शिकारी बोट, किनाऱ्यावर रुतलीय, पुढे हारपूनची, म्हणजे देवमाशावर भाला सोडायची, तोफ अजून आहे. 2018 च्या सर्व्हेत या बेटाजवळ निळा देवमासा दिसला फक्त एक. 2020 मधे 23 दिवसांत दिसले 55. आणि बोटीच्या आसपास ते काळे गोळे दिसतायत ना, ते दगड नाहीत हां, सील आहेत, निवांत झोपलेत.