टायटेनियम नायट्राइड: सोनेरी थरातली वीज

नायट्राइड म्हटलं की विद्युतरोधक पदार्थ आठवतात. सिलिकॉन नायट्राइड वीज वाहू देत नाही, ॲल्युमिनियम नायट्राइडही नाही. टायटेनियम नायट्राइडची गोष्ट मात्र उलटी आहे. निव्वळ टायटेनियम धातूची रोधकता, म्हणजे विजेला अडवण्याची पदार्थाची अंगभूत क्षमता, सुमारे ४२ मायक्रोओहम-सेंटिमीटर असते. तोच धातू नायट्रोजनशी जोडला गेला, त्याचा पातळ थर नीट वाढला, की ती २० च्या आसपास येते. धातूचं नायट्राइड झालं आणि वीज आणखी सहज वाहू लागली! मला या पदार्थाचं हे सर्वांत मोठं आश्चर्य वाटतं.

टायटेनियमकडे चार संयुजा इलेक्ट्रॉन, म्हणजे बंध जोडू शकणारे बाहेरचे इलेक्ट्रॉन, असतात. ढोबळमानाने त्यातले तीन नायट्रोजनशी बंध जोडण्यात गुंततात आणि एक मोकळा उरतो. वीज वाहते ती या मोकळ्या इलेक्ट्रॉनांमुळे, आणि थराचा सोनेरी रंगही त्यांचाच. प्रकाशलहरींच्या तालावर मुक्त इलेक्ट्रॉन हलू शकतात तोवर थर प्रकाश परावर्तित करतो. वारंवारता एका मर्यादेपुढे गेली की परावर्तन कोसळतं. चांदीत ही मर्यादा अतिनील भागात आहे, म्हणून ती पांढरी चकाकते. टायटेनियम नायट्राइडमध्ये ती साधारण ४७० ते ५०० नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे दृश्य प्रकाशातच येते. तांबडा-पिवळा प्रकाश परत येतो, निळा बराचसा शोषला जातो.

म्हणूनच स्पटरिंग करणारे, म्हणजे निर्वात कक्षात आयनांच्या माऱ्याने धातूचे अणू उडवून त्यांचा थर बसवणारे लोक कक्ष उघडताच आधी थराचा रंग बघतात. आर्गॉनमध्ये नायट्रोजन कमी पडला तर थर फिकट, चंदेरीकडे झुकलेला निघतो. तो जास्त झाला तर तपकिरी छटा येते. नायट्रोजन वाढवत नेला की लक्ष्याच्या, म्हणजे ज्यातून अणू उडवतात त्या टायटेनियमच्या तुकड्याच्या, पृष्ठभागावरच नायट्राइड साचतं, थर बसण्याचा वेग एकदम घसरतो, आणि नायट्रोजन पुन्हा कमी केला तरी वेग लगेच पूर्ववत होत नाही. योग्य प्रमाण सापडायला कठीण जातं ते यामुळे.

पण रंग चांगला आला म्हणजे वाहकताही चांगली, असं धरून चालू नका. माझ्या मते या विषयातला खरा रस इथेच आहे. प्रकाशाचं एक आवर्तन फेम्टोसेकंदाच्या घरातलं. तेवढ्या वेळात इलेक्ट्रॉन नॅनोमीटरभर सरकतो, म्हणजे स्फटिककणाच्या आतच राहतो. थरावरून परतलेला प्रकाश तपासणारा एलिप्सोमीटर सांगतो ती कणाच्या आतली स्थिती. थराचा रोध मोजणाऱ्या चार टोकांच्या प्रोबमधल्या विजेला मात्र कणामागून कण, सीमेमागून सीमा ओलांडत जावं लागतं. थर खांबांसारख्या उभ्या कणांचा असेल आणि खांबांमध्ये फटी असतील, तर प्रकाशाला तो उत्तम धातू भासतो आणि विजेला मात्र अडथळ्यांची शर्यत. १०० नॅनोमीटर जाडीच्या चांगल्या थराचा चौरस रोध (थराच्या चौरस तुकड्याचा एका कडेपासून समोरच्या कडेपर्यंतचा रोध) २ ओहम भरायला हवा. रंग छान असूनही तो २० भरला, तर आधी कणांच्या सीमांवर संशय घ्या. दोन्ही मापनं एकाच नमुन्यावर करावीत असा माझा आग्रह त्यासाठीच असतो. एकटी रोधकता दोष कुठे आहे ते सांगत नाही.

अशा फटींतून हवेतला ऑक्सिजन आत शिरतो, कणांच्या कडांवर ऑक्साइड तयार होतं आणि थर नुसता ठेवून दिला तरी रोध चढत जातो. वाढीच्या वेळी आधाराला (ज्यावर थर वाढतो त्या पृष्ठाला) ऋण व्होल्टता दिली, तर आयनांच्या माऱ्याने थर घट्ट बसतो आणि ही वाट बरीचशी बंद होते. व्होल्टता फार वाढवली तर मात्र आयन कणांच्या आतच दोष निर्माण करतात, थरात ताण साठतो, प्रसंगी थर सुटूनही येतो.

मॅग्नेशियम ऑक्साइडच्या स्फटिकावर वाढवलेल्या थरात हा सीमांचा प्रश्न मुळातच कमी होतो. दोघांची स्फटिकरचना एकच, मिठाची. जालकाचं अंतर, म्हणजे स्फटिकात अणूंची मांडणी जितक्या अंतरावर पुन्हा येते ते, मॅग्नेशियम ऑक्साइडचं ४.२१ अँगस्ट्रॉम, टायटेनियम नायट्राइडचं ४.२४; म्हणून थराचे अणू आधाराच्या अणूंशी जवळपास जुळून बसतात. असे थर काही नॅनोमीटर इतके पातळ केले तरी धातूसारखे वागतात, आणि सोन्यापेक्षा कितीतरी जास्त तापमान सोसतात. तापणाऱ्या प्रकाशीय उपकरणांसाठी सोन्याऐवजी त्यांचा विचार होतो तो म्हणूनच.