जुन्या लॅमिनेटच्या कपाटाला नवा रंग

श्रोतेहो, नमस्कार. दिवाळीच्या तोंडावर नागपुरातल्या कितीतरी घरांत भिंती रंगवून होतात आणि डब्यात उरलेला रंग एखाद्या जुन्या कपाटावर फिरवला जातो. होळीपर्यंत त्याचे पापुद्रे सुटू लागतात आणि सगळा दोष रंगाच्या माथी येतो. माझ्या मते बिचाऱ्या रंगाचा त्यात फारसा अपराध नसतो.

आपण ज्याला सरसकट सनमायका म्हणतो ते लॅमिनेट म्हणजे लाकूड नव्हे. रेझिनमध्ये भिजवलेल्या तपकिरी कागदाचे थर आणि त्यांवर मेलामाइन रेझिनचा नक्षीदार कागद, हे सारे उष्णतेने व दाबाने एकजीव केलेला, जेमतेम १ मिलिमीटर जाडीचा तो पत्रा असतो. लाकूड रंग पिते, हा पत्रा काहीच पीत नाही. ज्या गुणामुळे त्यावर सांडलेला चहा सहज पुसला जातो, त्याच गुणामुळे रंगही त्याला धरत नाही.

म्हणून खरे काम ब्रश हाती घेण्याआधीचे आहे. मुठी आणि बिजागऱ्या काढून ठेवाव्यात, कोमट पाण्यात धुण्याचा सोडा घालून फोडणीचा चिकट थर उतरवावा आणि साध्या पाण्याने दोनदा पुसून घ्यावे. मग २२० नंबरच्या वॉटर पेपरने हलक्या हाताने घासावे. चकाकी जावी, नक्षी जाऊ नये. खालचा तपकिरी कागद दिसू लागला, तर हात जड पडला असे समजावे. कपाटाला पूर्वी ऑइलपेंट दिलेला असेल, तर पाणी लावूनच घासावे, कारण घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपर्यंत, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांपर्यंत, मर्यादित करणारा नियम २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला आणि त्याआधीच्या रंगाची धूळ, विशेषतः मुले असलेल्या घरात, उडू देणे बरे नाही.

सुटलेल्या कडा फेविकॉल लावून रात्रभर वजनाखाली दाबता येतात. मात्र कुलरच्या पाण्याने पार्टिकल बोर्डाचा, म्हणजे लाकडाचा चुरा दाबून केलेल्या फळीचा, पाया फुगला असेल, तर तिथे रंग उपयोगाचा नाही, फळीच बदलावी लागते.

दुकानात प्रायमर, म्हणजे रंगाआधी द्यायचा अस्तराचा थर, मागितला की बहुधा लाकडाचा प्रायमर पुढे येतो. आपल्याला हवा तो गुळगुळीत पृष्ठभागाला धरणारा बाँडिंग प्रायमर. तोही दाराच्या आतल्या बाजूला वीतभर लावून, पूर्ण वाळल्यावर नखाने खरवडून आणि चिकटपट्टी ओढून पाहावा; निघाला, तर पुन्हा घासण्याला पर्याय नाही.

हंगामाचे म्हणाल, तर मी स्वतः एकदा भर मे महिन्यात हा उद्योग केला. पारा ४५ अंशांकडे गेलेला, इनॅमल, म्हणजे वाळल्यावर कडक होणारा रंग, पसरण्याआधीच आळत होता आणि ब्रशच्या रेघा त्या कपाटावर आजही मोजता येतात. पावसाळ्यातली दमट हवाही नकोच. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने उत्तम.

इनॅमलचे दोन पातळ हात स्पंजच्या रोलरने द्यावेत. रंग काही तासांत हाताला कोरडा लागतो, पण पुरता कडक व्हायला दोन-तीन आठवडे घेतो. तोवर फळ्यांवर वर्तमानपत्र अंथरून वर डबे ठेवू नयेत, नाहीतर बातम्या फळीवर उमटतात आणि कागद ओरबाडून काढावा लागतो.