बर्फाच्या वखारीतलं दूध

1927 चा उन्हाळा. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यातलं डॅलस शहर. विजेचा फ्रिज अजून घरोघरी पोचलेला नाही. दूध-लोणी टिकवायचं तर लाकडी पेटीत बर्फाची लादी हवी, आणि ती मिळते साउथलँड आइस कंपनीच्या वखारीत. ओक क्लिफ भागातली अशीच एक वखार जॉन जेफरसन ग्रीन सांभाळतात. लोकांचे ते 'अंकल जॉनी'. आपल्याकडे जॉनीकाका म्हटलं असतं.

उन्हाळ्यात ही वखार दिवसाचे सोळा तास उघडी असते, रविवारीसुद्धा. किराणा दुकानं त्या वेळी बंद. मग रात्री पाव संपला, रविवारी अंडी संपली, तर माणसानं जायचं कुठे? ग्रीन यांनी लाद्यांशेजारी दूध, पाव आणि अंडी मांडली. एवढंच केलं त्यांनी. पण गिऱ्हाइकाची अडचण त्यांना दिसली, आणि मला पेट्रोल पंपावरच्या दुकानांची ही सगळी गोष्ट तिथेच सुरू होताना दिसते.

कंपनीतल्या जो थॉम्प्सन यांनी ही कल्पना उचलली आणि इतर वखारींतही नेली. 1928 मध्ये काही दुकानांपुढे पेट्रोलचे पंप आले. मोटारी वाढत होत्या. गाडीत पेट्रोल भरता भरता घरचं दूधही घेता येऊ लागलं.

त्याच सुमारास एका दुकानापुढे अलास्काहून आणलेला कोरीव टोटेम खांब उभा राहिला. लोक थांबून बघायचे. इंग्रजीत 'टोट' म्हणजे उचलून नेणं, आणि गिऱ्हाईक इथून सामान उचलूनच नेत होतं. दुकानांचं नाव पडलं 'टोटेम'. खांब आणि हातातली पिशवी, दोन्ही एका शब्दात मावली.

1946 मध्ये दुकानांची वेळ ठरली, सकाळी सात ते रात्री अकरा, आठवड्याचे सातही दिवस. नावही तेच झालं: सेव्हन-इलेव्हन. दुकान कधी उघडं असतं हे कुणाला विचारायला नको. पाटी वाचली की कळलं.

पुढे 1963 मध्ये ऑस्टिनला, टेक्सास विद्यापीठाच्या फुटबॉल सामन्याच्या रात्री, गर्दी हटेचना आणि दुकान बंदच झालं नाही. हळूहळू रात्रभर उघडं राहणं रुळलं. पाटीवरचे आकडे मात्र तेच राहिले.

अशा सगळ्याच दुकानांची नावं घड्याळावरून आली नाहीत. पेनसिल्व्हेनियातल्या 'वावा' या दुकानांना गावाचं नाव मिळालं. ओजिब्वे या अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या भाषेत वावा म्हणजे रानहंस. म्हणून त्या दुकानांच्या पाटीवर आजही हंस उडताना दिसतो.

ऑक्टोबर 2021 मध्ये सेव्हन-इलेव्हनची पाटी मुंबईत, अंधेरी पूर्वेला लागली. भारतातलं ते पहिलं दुकान.

आणि अमेरिकेत पंपावरच्या अशा दुकानांच्या दाराशी बऱ्याचदा एक मोठी पेटी उभी असते. झाकण उघडा. आत पिशव्या भरून बर्फ.