कसेनुसे होण्याची दरी

(दृश्य: अंधुक उजेडात पुढे आलेला एक हात)

या हाताला नखे आहेत, त्वचेखालच्या शिरा किंचित उठून दिसतात आणि बोटांवर ठसेसुद्धा आहेत. हस्तांदोलनासाठी तो पुढे आला, तर आपण काहीही विचार न करता तो हातात घेऊ. पण हातात घेताच तो गार लागतो, आत हाड नसावे तशी त्याची पकड लिबलिबीत वाटते आणि क्षणापूर्वी ज्याच्याबद्दल मनात शंकाही नव्हती, तो हात कधी एकदा सोडतो असे होऊन जाते.

कृत्रिम हाताचे हे उदाहरण मासाहिरो मोरी यांचे आहे. टोकियो इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत अध्यापन करणाऱ्या मोरी यांनी १९७० साली ‘एनर्जी’ नावाच्या जपानी नियतकालिकात एक छोटा निबंध लिहिला. यंत्र माणसासारखे दिसू लागले की आपल्याला त्याच्याविषयी जवळीक वाटू लागते, आणि हे साम्य वाढेल तशी जवळीकही वाढत जाते. परंतु साम्य जवळजवळ पूर्ण होत आले की ती एकाएकी कोसळते आणि साम्य खरोखरच पूर्ण झाले तर पुन्हा वर चढते, असे त्यांचे म्हणणे होते. आलेखातल्या या खोल खळग्याला त्यांनी ‘बुकिमी नो तानी’, म्हणजे अस्वस्थ करणारी दरी, म्हटले. यासिया राइखार्ट यांच्या १९७८ सालच्या पुस्तकातून त्याला ‘अनकॅनी व्हॅली’ हे इंग्रजी नाव मिळाले आणि पुढे तेच जगभर रूढ झाले. मराठीत या भावनेसाठी नवा शब्द घडवण्याची गरज नाही. भीती म्हणावी तर तितकी नाही, किळस म्हणावी तर तीही नाही. आपल्याला नुसते ‘कसेनुसे’ होते.

(दृश्य: मोरी यांचा आलेख, रेषा हळूहळू उमटते)

रेषेच्या सुरुवातीला कारखान्यातला यांत्रिक बाहू आहे. तो माणसासारखा दिसतच नाही, त्यामुळे आपल्याला त्याचे काही वाटत नाही. त्याच्या पुढे खेळण्यातला यंत्रमानव आहे आणि तो आपल्याला आवडतो. दरीत कृत्रिम हात आहे. तळाशी मृतदेह आहे आणि त्याहूनही खाली चालते प्रेत आहे, कारण हालचालीमुळे दरी अधिक खोल होते असे मोरी यांचे मत होते. बुनराकू या जपानी नाट्यप्रकारातली बाहुली मात्र त्यांनी दरीच्या पलीकडच्या चढावर ठेवली. ही बाहुली आकाराने माणसाएवढी नसते आणि तिला हलवणारे कलावंत रंगमंचावर उघड दिसतात, तरी नाट्यात रंगलेला प्रेक्षक तिच्या दुःखात सहभागी होतो. या आलेखामागे एकही प्रयोग नव्हता, हे येथे सांगितलेच पाहिजे. ते एका जाणत्या अभियंत्याचे निरीक्षण होते, मोजमाप नव्हते.

ही दरी आपल्यात असावीच का, या प्रश्नावर मोरी यांनी स्वतः स्वसंरक्षणाच्या प्रेरणेकडे बोट दाखवले होते. निश्चल, फिकट, गार शरीर म्हणजे मृत्यू किंवा रोग, आणि त्यापासून दूर राहण्यात शहाणपण. हे पटण्यासारखे असले तरी अपुरे वाटते, कारण हसणारा, बोलणारा, गुलाबी गालांचा यंत्रमानव पाहूनही आपल्याला तसेच होते.

(दृश्य: एकच यंत्र दोनदा; एकदा त्वचेसह, एकदा त्वचेविना)

अधिक नेमके उत्तर आयशे सायगिन यांच्या गटाने केलेल्या प्रयोगातून मिळते. जपानमध्ये तयार झालेल्या ‘रिप्ली क्यू-२’ या स्त्रीरूपी यंत्रमानवाच्या चित्रफिती त्यांनी मेंदूचे प्रतिमांकन सुरू असताना २० जणांना दाखवल्या. एका फितीत खरी स्त्री होती, दुसऱ्या फितीत त्वचा आणि केस असलेला यंत्रमानव होता, आणि तिसऱ्या फितीत तेच यंत्र वरचे आवरण काढून, धातू आणि तारा उघड्या ठेवून दाखवले होते. स्त्री माणसासारखी दिसत होती आणि माणसासारखी हलत होती. उघडे यंत्र यंत्रासारखे दिसत होते आणि यंत्रासारखेच हलत होते. मधल्या फितीत मात्र रूप माणसाचे आणि हालचाल यंत्राची होती. मेंदूचा सर्वांत वेगळा प्रतिसाद नेमका तिथेच आढळला. उघड्या यंत्राच्या हालचाली तंतोतंत त्याच असूनही त्यांनी मेंदूला बुचकळ्यात टाकले नव्हते. रूप पाहून मेंदू पुढच्या हालचालीचा अंदाज बांधतो आणि तो अंदाज चुकला की त्याची धांदल उडते, असा अर्थ संशोधकांनी लावला. कृत्रिम हाताच्या बाबतीत हेच घडले होते: नखांनी आणि शिरांनी ऊब देऊ केली होती, ती स्पर्शात मिळाली नाही.

हा खटका केवळ माणसालाच बसतो असेही नाही. प्रिन्स्टन विद्यापीठात २००९ साली माकडांना माकडांचेच खरे चेहरे, ढोबळ संगणकीय चेहरे आणि हुबेहूब संगणकीय चेहरे दाखवण्यात आले, तेव्हा त्यांनी सर्वांत कमी वेळ हुबेहूब चेहऱ्यांकडे पाहिले.

रूपाखेरीज आणखी एक कारण आहे आणि माझ्या मते तेच अधिक बोचरे आहे. कर्ट ग्रे आणि डॅनियल वेग्नर यांनी २०१२ साली दाखवून दिले की, यंत्र स्वतः निर्णय घेते या कल्पनेपेक्षा यंत्राला जाणवते, त्याला भीती किंवा वेदना होऊ शकते, ही कल्पना लोकांना जास्त अस्वस्थ करते. म्हणजे यंत्राने आपली कामे केलेली आपल्याला चालतात. त्याने दुखावले जाणे चालत नाही.

(दृश्य: समोरासमोर बसलेले दोन सारखे चेहरे)

ओसाका विद्यापीठाच्या हिरोशी इशिगुरो यांनी २००६ साली स्वतःचीच प्रतिकृती घडवली. तिचे नाव ‘जेमिनॉइड’. ते दुसऱ्या खोलीत बसून तिच्याद्वारे लोकांशी बोलतात. समोरच्या व्यक्तीने प्रतिकृतीच्या गालाला बोट लावले, की पडद्यावर ते पाहणाऱ्या चालकाला आपल्याच गालाला कोणी हात लावल्यासारखे वाटते, असा अनुभव नोंदवला गेला आहे. स्पर्श पोहोचवणारी कोणतीही यंत्रणा तिथे नसते.

मोरी यांचा सल्ला याच्या उलट होता. त्यांनी अभियंत्यांना दरी ओलांडण्याऐवजी अलीकडच्या शिखरावर थांबायला सांगितले आणि उदाहरण म्हणून बुद्धमूर्ती घडवणाऱ्या कारागिराने कोरलेला लाकडी हात पुढे केला: ठसे नाहीत, रंग लाकडाचाच, तरीही देखणा. ताकानोरी शिबाता यांनी पारो हा उपचारासाठीचा यंत्रप्राणी घडवताना असाच विचार केला. कुत्रा आणि मांजर आपल्या इतक्या ओळखीचे, की नक्कल लगेच पकडली जाते. म्हणून त्यांनी सीलचे पिल्लू निवडले. खऱ्या सीलला कुरवाळलेले फारच थोडे असतात.

(दृश्य: एकामागून एक येणारे चेहरे)

पडद्यावरच्या स्थिर चेहऱ्यांनी मात्र दरी ओलांडलेली दिसते. सोफी नाइटिंगेल आणि हानी फरीद यांनी २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खरे चेहरे आणि कृत्रिम बुद्धिमत्तेने घडवलेले चेहरे यांतला फरक लोकांना ओळखायला सांगितला. बरोबर उत्तरांचे प्रमाण सुमारे ४८ टक्के होते, म्हणजे नाणे उडवून सांगितले असते तरी तेवढेच जमले असते. काय पाहायचे हे शिकवल्यावर ते सुमारे ५९ टक्क्यांपर्यंत गेले. विश्वासार्हतेचे गुण द्यायला सांगितले, तेव्हा लोकांनी कृत्रिम चेहऱ्यांना खऱ्यांपेक्षा किंचित जास्त गुण दिले. इथे कोणालाही कसेनुसे झाले नाही. मोरी यांच्या कृत्रिम हाताचा गारवा निदान हात हातात घेतल्यावर कळत होता.