कुना: खिशातला प्राणी

कुना हे क्रोएशियाचं जुनं चलन. एक कुनाचं हे नाणं. बोटाच्या पेरावर मावेल एवढं. त्यावर धावतोय तो मार्टेन. मुंगसासारखं लांब अंग, झुपकेदार शेपटी. क्रोएशियन भाषेत त्याला कुना म्हणतात. मध्ययुगात तिथे याच्या कातड्यांनी कर भरत. चलनाचं नाव त्यावरूनच आलं.

आता नाणं उलटं करू. इथे नाइटिंगेल पक्षी आहे. विषम वर्षातल्या नाण्यावर त्याचं नाव क्रोएशियन भाषेत, सम वर्षातल्या नाण्यावर लॅटिनमध्ये. दोन कुनांवर ट्यूना मासा, पाचांवर अस्वल. सुट्ट्या पैशांना लिपा म्हणत, म्हणजे लिंडेनचं झाड. त्यांवर मका, द्राक्षवेल, ऑलिव्ह. इतक्या मायेनं घडवलेली चिल्लर क्वचितच बघायला मिळते.

३० मे १९९४ रोजी कुना चलनात आला. आधीचं चलन दिनार. हजार दिनार द्या, एक कुना घ्या. नावावरून वाद झाला, आणि तो रास्त होता. दुसऱ्या महायुद्धात तिथल्या फॅसिस्ट राजवटीचं चलनही कुनाच होतं. तिथल्या सर्बांना त्या राजवटीतल्या कत्तली आठवत होत्या.

आणि ही वीस कुनांची नोट. मागच्या बाजूला वुकोवार शहरातला एल्ट्झ वाडा. क्रोएशियाच्या स्वातंत्र्ययुद्धात, १९९१च्या वेढ्यात हे शहर तोफांनी उद्ध्वस्त झालं, वाडाही ढासळला. नोट निघाली तेव्हा वुकोवार क्रोएशियाच्या ताब्यात नव्हतं. ते परत मिळालं जानेवारी १९९८मध्ये. तोवर लोकांनी ते गाव खिशात बाळगलं. भाजी घेताना, तिकीट काढताना हातातून हातात जात राहिलं.

१ जानेवारी २०२३. कुना गेला, युरो आला. दर ठरला एका युरोला ७.५३४५० कुना. पर्यटक युरो घेऊनच येत, बँकांतल्या ठेवीही बऱ्याचशा युरोतच होत्या. व्यवहाराच्या दृष्टीने निर्णय सरळ होता. दोन्ही चलनं एकत्र चालली ती जेमतेम दोन आठवडे. भाव वाढवून लावल्याच्या तक्रारी झाल्या, सरकारनं दुकानदारांना तंबी दिली.

क्रोएशियाच्या एक युरोच्या नाण्यावर मार्टेन आहे, मागे देशाच्या चिन्हातल्या चौकटी. नाइटिंगेल मात्र नाही. कुनाच्या नोटा मध्यवर्ती बँकेत कधीही बदलून मिळतात. नाण्यांची मुदत होती ३१ डिसेंबर २०२५पर्यंत. त्यानंतर हा पक्षी ज्याच्या घरी राहिला, त्याच्याच घरचा.