ओझोन सायलेन्सरमधून येत नाही हो! गव्हाचा दाणा बारीक का राहतो?

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओत मी म्हटलं, की ओझोन पिकांचं नुकसान करतो. त्याखाली किमान पन्नास जणांनी एकच लिहिलंय, "ताई, ओझोन तर चांगला ना?" चांगला, पण पंधरा ते पस्तीस किलोमीटर वर. तिथे तो उन्हातले घातक अतिनील किरण गाळतो. तोच वायू जमिनीलगत असला की पानांच्या रंध्रांतून आत शिरतो आणि पेशी जाळतो. संपला विषय. एका दादांनी लिहिलंय, "मग खालचा वर पाठवा की!" दादा, शिडी तुम्ही आणा.

आता माझं खरं दुखणं. "गावात गाड्याच नाहीत, ओझोन कुठून येणार?" अहो, ओझोन गाडीतून येतच नाही. गाडीतून येतो नायट्रोजन ऑक्साइड. पेट्रोलच्या, रंगाच्या वाफा, चुलीचा धूर हे त्यात मिसळतं आणि वर ऊन लागतं, तेव्हा कुठे ओझोन तयार होतो. दूध-विरजण पुण्यात एकत्र आलं, टेम्पो निघाला, आणि शिरूरला पोचेपर्यंत दही लागलं. वारा त्या बाजूचा असला, की ते दही तुमच्या वावरात!

अजून नाही पटत? मग चौकात ओझोन मोजा. भर ट्रॅफिकमध्ये तो बऱ्याचदा कमीच निघतो, कारण गाडीतून निघालेला ताजा नायट्रिक ऑक्साइड (नायट्रोजन ऑक्साइडचाच एक प्रकार) ओझोनलाच खाऊन टाकतो. गावाकडे खाणारं कोणी नाही, म्हणून तो टिकतो.

आणि वेळ बघा. गाड्यांची गर्दी सकाळी नऊला, ओझोन सगळ्यात जास्त दुपारी. सायलेन्सरमधून येत असता तर नऊलाच नसता का आला? हुश्श.

निफाडला माझ्या मामाचा गहू आहे. एका वर्षी पानं लवकर पिवळी पडली, दाणा बारीक. मामाने तांबेरा समजून दोनदा बुरशीनाशक मारलं, फरक शून्य. तो ओझोनच होता असं मी छातीठोक सांगणार नाही, खत-पाणी-ऊन काहीही असू शकतं. हीच तर पंचाईत आहे. सोयाबीन, बटाट्याच्या जुन्या पानांवर वरच्या बाजूने बारीक ठिपके तरी दिसतात, शिरा हिरव्या राहतात. गव्हात बऱ्याचदा काहीच दिसत नाही, थेट पोत्यात कळतं. वर गंमत अशी, की वेळेवर पाणी दिलेल्या पिकाची रंध्रं उघडी असतात, म्हणून तेच ओझोन जास्त ओढतं. नीट शेती केल्याची शिक्षा! म्हणून पाणी तोडू नका बरं का, नाहीतर मामा मला तोडेल.

आकडा हवाय? पुण्यात पाषाणला आयआयटीएम, म्हणजे हवामानाचा अभ्यास करणारी संस्था आहे ना, तिथल्या शास्त्रज्ञांनी २०१४ साली हिशोब छापला. २००५ या एका वर्षात देशाचा अंदाजे ३५ लाख टन गहू आणि २१ लाख टन तांदूळ ओझोनने गेला. ९ कोटींहून जास्त गरिबांचं वर्षाचं धान्य! आपल्या खरिपाला ढग आणि पाऊस थोडं वाचवतात, कारण ऊनच नाही. रब्बीला ती सोय नाही.

"ताई, औषध सांगा." पिकाला ओझोनपासून वाचवणारं इथाइलीनडाययुरिया नावाचं रसायन आहे. वाराणसीला बनारस हिंदू विद्यापीठात गव्हावर त्याचे प्रयोग झालेत, पण ते ओझोनने किती नुकसान केलं हे मोजायला. आणि हो, "कृषी केंद्रात मिळेल का" विचारणाऱ्या दादा, नाही मिळत. मामाने विचारून झालंय.